काळे पडदे लावून जागा सुरक्षित होत नाही

जानेवारी २०२१ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्याच्या एका लॉजवर तिशीचा एक माणूस गेला. मैत्रिणीबरोबर खोली घेतली होती, दोघांच्या राजीखुशीचा मामला होता. त्याचे हातपाय खुर्चीला बांधलेले आणि गळ्याभोवतीही नायलॉनची दोरी. ती बाथरूममध्ये गेली, तेवढ्यात खुर्ची घसरली आणि दोरी आवळली गेली. तिने आरडाओरडा करून लॉजवरच्या माणसांना बोलावलं, तोवर उशीर झाला होता. बातमी देशभर गेली. वाचणाऱ्यांनी विकृती म्हणून पान उलटलं.

मला त्या मृत्यूत विकृती दिसत नाही, अज्ञान दिसतं. गळ्याला दोरी लावायची नाही, कितीही विश्वास असो, कितीही वर्षांची ओळख असो. बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, मिनिटभरही नाही. दोर कापणारी कात्री हाताशी असल्याशिवाय गाठ मारायची नाही. हे सगळं पाच मिनिटांत सांगून होतं. त्या दोघांना ते सांगणारं कोणी भेटलं नाही, कारण जिथे असलं काही मोकळेपणी विचारता येईल अशी जागा त्यांच्या आवाक्यात नव्हती.

मी डोंबिवलीची. पेशाने फिजिओथेरपिस्ट, वय पन्नाशीच्या जरा अलीकडे. प्रौढ माणसांनी एकमेकांच्या संमतीने बांधणं आणि बांधून घेणं, हुकूम देणं आणि पाळणं, वेदना देणं आणि घेणं, ज्याला जगभर बीडीएसएम म्हणतात, ते माझ्या आयुष्याचा भाग आहे आणि त्याबद्दल मला कोणाची माफी मागायची नाही. गेली काही वर्षं आम्ही काही जण ठाणे ते कल्याण या पट्ट्यात अशा लोकांसाठी छोट्या बैठका भरवतो. संस्कृतिरक्षकांबद्दल मला बोलायचं आहे, पण ते नंतर. माझा पहिला राग आमच्यातल्याच आयोजकांवर आहे. चार काळे पडदे, दोन लाल दिवे, एक चाबूक आणि टेलिग्रामवरचा एक ग्रुप एवढ्या भांडवलावर 'सेफ स्पेस' अशी जाहिरात करून पार्ट्या भरवणाऱ्यांवर.

येऊरच्या एका बंगल्यावरची अशी पार्टी मी आतून पाहिली आहे. येऊर म्हणजे काय हे ठाणेकरांना सांगायला नको. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागलेलं रान, वनखात्याचा नाका, आदिवासी पाडे, मधूनमधून पैसेवाल्यांचे बंगले, रात्री बिबट्याचा वावर. शनिवारी रात्री तिथे बंगला भाड्याने घेतात तो आवाज कोणाला जाऊ नये म्हणून. एकट्या पुरुषाला सहा हजार रुपये, जोडप्याला अडीच हजार, बाईला फुकट. दारातच ग्लास हातात.

हॉलमध्ये एक इसम पंख्याच्या हुकाला दोर लावून कल्याणहून आलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला बांधत होता. तो हुक पंख्याचं वजन पेलायला बसवलेला असतो. हलणाऱ्या माणसाचा भार तो सोसेल का, हे त्याने कोणाला विचारलंही नव्हतं. दोर मुलीच्या दंडावर, कोपराच्या वर आवळलेला. त्या जागी हाडाला लागून एक नस जाते. ती दाबली गेली की मनगट वर उचलता येत नाही, अंगठा मागे नेता येत नाही. आमच्या शिक्षणात हे सुरुवातीलाच डोक्यात बसवतात. मुलगी दोनदा म्हणाली की बोटं कळत नाहीयेत. तो म्हणाला, "सुरुवातीला होतं असं. श्वास घे." बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. मी पुढे होऊन तिला अंगठा वर करायला सांगितलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, होत नाहीये." हात मनगटातून खाली लोंबत होता. मी कात्री मागितली. त्या अख्ख्या बंगल्यात कात्री नव्हती. शेवटी स्वयंपाकघरातून कांदा चिरायची सुरी आणली आणि कातडीत रुतलेली नायलॉनची दोरी त्या सुरीने कापली. मी कापत असताना यजमान ग्लास घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, सीन तोडू नका. तिने कन्सेंट दिलाय."

तिला घरी जायचं होतं. रात्रीचा एक वाजून गेला होता. त्या वेळी येऊरमधून रिक्षा मिळत नाही, बस नसते, फोनला धड रेंज नव्हती, आणि ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते सगळे प्यायलेले. उजाडेपर्यंत ती त्याच हॉलच्या कोपऱ्यात बसून राहिली, ज्याने बांधलं त्याच्यापासून दहा पावलांवर. मनगट पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे गेले. ती डेटा एन्ट्री करून पोट भरणारी मुलगी. त्या आठवड्यांचा पगार तिला कोणी दिला नाही. यजमानाने फोनही केला नाही.

तिने संमती दिली होती हे खरं. तिने ती परत घेतली तेव्हा ऐकणारं कोणी नव्हतं, हेही तितकंच खरं. संमती परत घ्यायला साधनं लागतात. कापायला कात्री लागते, ऐकायला शुद्धीवरचा माणूस लागतो, निघून जायला रस्ता लागतो. यातलं काहीच पुरवायचं नाही आणि तिचा होकार मात्र ढालीसारखा पुढे धरायचा, हा हलकटपणा आहे. निमंत्रणपत्रिकेवर 'सेफ, सेन, कन्सेन्शुअल' छापलं होतं. १९८३ च्या सुमारास न्यू यॉर्कमधल्या समलिंगी पुरुषांच्या एका संघटनेने हे तीन शब्द पुढे आणले ते आपल्याच माणसांना जबाबदारी कळावी म्हणून. आपले आयोजक ते शब्द सजावटीसाठी वापरतात.

या लोकांपेक्षा आपला कायदा शहाणा आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ८७ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २५ झालं आहे. ते सांगतं की मृत्यू किंवा जबर दुखापत घडवायचा हेतू नसेल, तसं होण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला माहीत नसेल, आणि १८ वर्षांवरच्या माणसाने ती इजा सोसायला संमती दिली असेल, तर ती इजा गुन्हा ठरत नाही. कलमाखालचं उदाहरण आहे मौज म्हणून तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं. म्हणजे राजीखुशीच्या खेळात ओरखडा उठला तर सरकार मध्ये पडणार नाही, पण हाड मोडेल, डोळा जाईल, अवयव कायमचा निकामी होईल असा संभव माहीत असूनही केलं, तर 'तिने हो म्हटलं होतं' हे उत्तर चालणार नाही. आणि मग कलम २८. भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती, किंवा नशेत असल्यामुळे आपण कशाला हो म्हणतोय हेच ज्याला उमगत नाही त्याने दिलेली संमती, ती संमती नव्हे. दारातच ग्लास हातात देणारा यजमान आपल्या पाहुण्यांची संमती स्वतःच्या हाताने बाद करून ठेवतो. पुढे काही झालं तर तो पाहुण्यांना कोर्टात उभं करून स्वतः पसार होणार, हे मी लिहून देते.

आमच्या बैठकीत दारू नाही. खेळाआधी नाही, खेळताना नाही, आणि नंतर 'एकच' म्हणूनही नाही. दारू नसेल तर लोक येत नाहीत असं मला ऐकवतात. येऊ नयेत. शुद्धीवर राहून ज्याला समोरच्याला 'तुला काय चालेल, काय चालणार नाही' असं विचारता येत नाही, त्याच्या हातात दोर देणं हा गुन्हा आहे.

आता 'बाईला फुकट' याबद्दल. हे औदार्य म्हणून सांगितलं जातं. सहा हजार भरून आलेला पुरुष दारात शिरतो तो पैसे वसूल करायला. त्याला वाटतं, आतल्या बायका आपल्या तिकिटात धरलेल्या आहेत. यजमानालाही तेच वाटतं, म्हणून बाईने नाही म्हटलं की तोच येऊन समजूत काढतो. ज्या जागेचं उत्पन्न एकट्या पुरुषांच्या खिशातून येतं, त्या जागेत बाईचा नकार धंद्याचं नुकसान करतो, आणि धंदेवाला नुकसान सोसत नाही. आमच्याकडे सगळ्यांना सारखीच वर्गणी, तीही जागेचं भाडं आणि खाणंपिणं भागेल इतकीच, आणि ज्याला परवडत नाही त्याने सांगितलं की माफ. हिशेब सगळ्यांसमोर. यातून कोणाला नफा होत नाही आणि होताही कामा नये.

पहिल्यांदा येणाऱ्याला आम्ही थेट बैठकीला बोलावत नाही. आधी ठाणे किंवा डोंबिवली स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा, भर गर्दीत, साध्या कपड्यांत. अमेरिकेत नव्वदच्या दशकात ही रीत पडली आणि आता जगभर पाळतात. चहावर आम्ही अनुभव विचारत नाही, फुशारक्या ऐकून घेत नाही. एक प्रश्न मात्र प्रत्येकाला विचारतो: तुम्हाला कोणी ऐनवेळी नाही म्हटलं होतं का, आणि मग तुम्ही काय केलंत? चांगला माणूस थोडा अवघडतो, आठवतो, सांगतो. 'मला कोणी नाही म्हणतच नाही' असं जो म्हणतो त्याला आम्ही चहा पाजतो आणि परत कधी बोलावत नाही. वयाचा पुरावा बघतो. कायद्याचं वय १८, आम्ही २१ धरतो. बघितलेलं ओळखपत्र तिथल्या तिथे परत देतो. त्याचा फोटो काढत नाही, नंबर लिहून घेत नाही. ज्या आयोजकांच्या मोबाइलमध्ये शंभर लोकांची आधार कार्डं पडून असतात, त्यांनी शंभर घरं पेटवायची सोय करून ठेवली आहे.

आमची बैठक दुपारी असते. स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागी, आणि कसारा-कर्जतच्या माणसालाही वेळेत गाडी मिळेल अशा बेताने संपते. रात्रीची, रानातली, गूढ वगैरे पार्टी ही ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांची चैन आहे. दिव्याहून, बदलापूरहून, टिटवाळ्याहून येणाऱ्या बाईला रात्री साडेअकराला निघायचं म्हटलं की डोक्यात सगळा वेळ घड्याळ चालू असतं, आणि पहाटेपर्यंत थांबायचं म्हटलं की ती अडकते. अडकलेला माणूस मोकळेपणी नाही म्हणू शकत नाही. सुरक्षिततेच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी रेल्वेचं वेळापत्रक उघडावं.

दोन माणसं पूर्ण वेळ न खेळता नुसती लक्ष ठेवून असतात. दंडावर पिवळी पट्टी, म्हणजे कोणालाही ओळखू येतील. त्यांनी थांबा म्हटलं की थांबायचं, वाद नंतर. थांबण्याचा शब्द सगळ्यांचा एकच, 'लाल'. 'पिवळा' म्हणजे सांभाळून, जरा हळू. प्रत्येकाने आपापला गुप्त शब्द ठरवायची फॅशन आहे. पण तिसऱ्याला तो शब्द कळत नसेल तर तो मदतीला कसा येणार? ज्याला बोलता येत नाही किंवा ज्याचं तोंड त्या वेळी बांधलेलं आहे, त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा. जुडगा खाली पडला की सगळं थांबलं. आमच्यात एक कर्णबधिर मुलगा येतो, त्याच्यामुळे ही सवय सगळ्यांनाच लागली आणि आता शब्दापेक्षा आम्ही जुडग्यावर जास्त भरवसा ठेवतो. टेबलावर बोथट टोकाची कात्री, बँडेज कापायची. सर्जिकलच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांना मिळते. ती दोराच्या खालून सरकते आणि कातडीला लागत नाही. सहा हजारांचं तिकीट लावणाऱ्याला दोन-तीनशेची कात्री ठेवावीशी वाटली नाही, यावरून त्याच्या लेखी त्या मुलीच्या हाताची किंमत काय होती ते कळतं.

बाजूला एक शांत खोली. गादी, चादरी, लिंबू सरबत, बिस्किटं, मंद दिवा. खेळ संपला की माणूस लगेच शर्ट घालून स्टेशन गाठू शकत नाही. कोणाला थंडी वाजते, कोणाला रडू येतं, कोणाला नुसतं कोणाच्या तरी शेजारी बसायचं असतं. काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदम उदास वाटतं. ज्याने बांधलं त्याने सोडवल्यावर निघून जायचं नाही, दुसऱ्या दिवशी फोन करायचा, हा आमचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला आम्ही पुढच्या वेळी बोलावत नाही. यात हळवेपणा काही नाही. वेदना देण्याचा अधिकार मागणाऱ्याने नंतरची काळजी अंगावर घ्यायची, नाहीतर हात लावायचा नाही.

मोबाइल दारात, पिशवीत, कुलपात. याबाबत मी कोणाचं काही ऐकून घेत नाही. ब्रिटनमध्ये १९८७ साली पोलिसांच्या हाती एक व्हिडिओटेप लागली. काही समलिंगी पुरुषांनी संमतीने केलेला असाच खेळ त्यात होता. त्यावरून तपास झाला, खटला उभा राहिला, लोकांना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या, १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवणारा निकाल कायम ठेवला आणि १९९७ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही दाद दिली नाही. एका टेपमुळे. आपल्याकडे तर पोलिसांच्या आधी नातेवाईक, शेजारी आणि खंडणी मागणारे हजर असतात. बाईने फोटो काढायला होकार दिला आणि तो पसरवायला दिला नाही, तर पसरवणं हा न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे. पण गुन्हा दाखल होईस्तोवर तो फोटो तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेलेला असतो. म्हणून फोटो निघताच कामा नये.

आणखी एक गोष्ट, जी मी कुठल्याही आयोजकाच्या तोंडून ऐकलेली नाही. येऊरच्या त्या बंगल्यावर स्वयंपाकाला पाड्यातली एक बाई होती आणि तिचा नवरा बंगल्याची राखण करायचा. कोंबडीचं ताट घेऊन ती हॉलमधून तीनदा गेली, मान खाली घालून. तिने कशाला संमती दिली होती? तिला विचारलं कोणी होतं? दोन दिवसांच्या मजुरीसाठी तिला हे बघायला लावणं ही जबरदस्तीच, आणि संमती-संमती म्हणणाऱ्या सत्तर शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही ती दिसली नाही. ज्यांना पगार देतो त्यांची संमती धरायची नाही, ही आपली जुनी खोड आहे. आम्ही खाणं आधी आणून ठेवतो, झाडतो आम्ही, पुसतो आम्ही.

स्वागताचं म्हणाल तर तिथेही हीच तऱ्हा. 'डीसेंट क्राउड ओन्ली' असं निमंत्रणात लिहितात. त्याचा अर्थ काय हे कल्याणच्या माझ्या एका मैत्रिणीने अनुभवलं. ती पारलिंगी आहे. पैसे आगाऊ भरले होते, दारात तिला बघितल्यावर 'आज फुल्ल आहे' म्हणून परत पाठवलं. तिच्या मागून आलेले दोघे आत गेले. रंगाने काळी, अंगाने जाड, इंग्रजी न येणारी, आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या कपाळावर आठी उमटेल अशी माणसं या पार्ट्यांत का दिसत नाहीत, याचा विचार आयोजकांनी केलेला नाही. त्यांनी गाळणी लावली आहे आणि तिला ते दर्जा म्हणतात. आमच्याकडे नियम मराठीत छापलेले आहेत, हिंदीत आहेत, इंग्रजीतही आहेत, आणि ते दारात वाचून दाखवतो, कारण वाचता न येणाराही येतो. जागा तळमजल्यावर घेतो, कारण एक जण कुबड्या घेऊन येतो. हे करायला फार पैसे लागत नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला माणूस धरावं लागतं.

तक्रारीचं काय, हा प्रश्न विचारला की आयोजक म्हणतात, 'मला सांगा, मी बघतो.' तूच यजमान, तूच पैसे घेणारा, ज्याच्याविरुद्ध तक्रार तो तुझाच दोस्त, आणि बघणारही तूच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ मध्ये कायदा झाला, त्यात तक्रार समितीवर बाहेरची एक व्यक्ती असलीच पाहिजे अशी तरतूद आहे. ती उगाच नाही. आतल्यांनी आतल्यांना वाचवायचं हे सगळीकडे चालतं, बँकेत चालतं, कॉलेजात चालतं, इथेही चालतं. आमच्याकडे तक्रार ऐकणाऱ्या तिघींपैकी एक बैठकांना येतच नाही, ती वकील आहे. एका जुन्या, लोकप्रिय, सगळ्यांना हवाहवाशा माणसाला आम्ही या तिघींच्या निर्णयावरून कायमचं बाहेर काढलं. त्याच्याबरोबर निम्मे लोक गेले. जाऊ द्या. जे उरले ते निर्धास्त आहेत.

आता संस्कृतिरक्षकांकडे वळते. डोंबिवलीत आम्ही एक हॉल मागायला गेलो होतो. खोटं बोललो नाही. प्रौढांची खाजगी बैठक आहे, दारू नाही, आवाज नाही, तिकीट नाही असं सांगितलं. बायका एकट्या येणार म्हटल्यावर मालक काका म्हणाले, "असल्या गोष्टींना आम्ही जागा देत नाही." त्याच हॉलमध्ये हळदीला रात्रभर डीजे वाजतो, पिऊन मारामाऱ्या होतात, बायकांची छेड निघते, आणि काका भाडं मोजून घेतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत ४५ टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष म्हणाले की काही ना काही कारणाने नवऱ्याने बायकोला मारणं रास्त आहे. न्याय संहितेच्या कलम ६३ ला आजही अपवाद आहे: १८ वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार धरली जात नाही. ज्या समाजात बाईला न विचारता मारलेलं चालतं, त्या समाजाला विचारून, थांबण्याचा शब्द ठरवून, शेजारी पहारा ठेवून दिलेली चापट विकृत वाटते. हे मी गप्प बसून ऐकणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू केली. प्रौढांमधला संमतीचा असा व्यवहार त्यातून काढून टाकला आहे. ठेवला आहे तो जबरदस्तीने दुसऱ्याला वेदना देण्याचा विकार. रेषा नेमकी संमतीपाशी ओढली आहे. आपल्याकडेच र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील बाबासाहेब आंबेडकर होते. लैंगिक प्रश्न विचारणं विकृत वाटत असेल तर त्यावर उपाय ज्ञान हाच, अशी बाबासाहेबांची मांडणी होती. कर्वे खटला हरले, दंड भरला आणि मासिक चालूच ठेवलं. कर्व्यांच्या नावाने व्याख्यानमाला भरवणाऱ्यांनी खापरखेड्याचा विषय त्या व्यासपीठावर घ्यावा.

पोलिसांबद्दल बोलताना मात्र मी दोन्हीकडे बोट दाखवीन. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईतल्या मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून बंद खोल्यांतून जोडपी बाहेर काढली, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं कलम लावलं, मुलींच्या घरी फोन करायला लावले. बंद खोली सार्वजनिक कशी, याचं उत्तर मिळालं नाही. त्यानंतर २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चं भूत प्रौढांच्या मानेवरून उतरवलं. हक्क कागदावर आला. पण ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे घोडबंदर रस्त्याजवळ वडवलीच्या खाडीलगतच्या पार्टीवर ठाणे पोलिसांनी छापा घातला तेव्हा अमली पदार्थ सापडले आणि शंभरेक पोरं ताब्यात गेली. त्या छाप्याबद्दल मी पोलिसांना दोष देणार नाही. आमच्या नावाखाली पावडर आणि गोळ्या खपवणारे आयोजक हाच छापा आमच्या दारात आणतात, आणि मग बातमीत आमची लिंबू सरबताची बैठक आणि त्यांची पार्टी एकाच मथळ्यात बसते. दिल्ली, कोलकात्यासारख्या शहरांत 'द किंकी कलेक्टिव्ह' हा गट दशकाहून जास्त काळ संमतीबद्दल उघडपणे बोलतो आहे, कॉलेजांत, परिषदांत जातो आहे. आपल्याकडे मराठीत हे बोलणारं कोणी पुढे येत नाही, कारण आयोजकांना अंधारच सोयीचा आहे.

तेव्हा ज्यांना उत्सुकता आहे आणि उद्या कोणाचं तरी निमंत्रण येणार आहे, अशा प्रत्येकाला माझं सांगणं आहे. जाण्याआधी यजमानाला विचारा: दारू आहे का? पैसे कोणाकडून किती घेता? लक्ष ठेवणारे कोण, आणि ते खेळणार नाहीत ना? मोबाइल कुठे ठेवायचे? कात्री कुठे असते? तक्रार तुमच्याविरुद्धच असेल तर कोणाकडे करायची? मला मध्येच निघावंसं वाटलं तर स्टेशनपर्यंत कशी पोचेन? घरच्या किंवा मैत्रीतल्या एका माणसाला पत्ता आणि परतीची वेळ सांगून ठेवा. उत्तरं नीट मिळाली तर जा. यजमान वैतागला, हसण्यावारी नेलं, 'इतके प्रश्न विचारणाऱ्यांसाठी ही जागा नाही' म्हणाला, तर जाऊ नका, आणि आपल्या ओळखीच्या कोणालाही जाऊ देऊ नका.